सल्लागाराची खुर्ची कोणाच्या नावाची?

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण सुरुवात दिल्लीतून करू. डिसेंबर २०१२. किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणूक येऊ द्यायची की नाही, यावर संसदेत नुकतंच मतदान झालं होतं. तेवढ्यात बातमी आली, की वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले, आणि ज्या अनेक विषयांसाठी केले त्यांत भारताची बाजारपेठ खुली व्हावी हाही एक विषय होता. राज्यसभेत गदारोळ झाला. सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश मुकुल मुद्गल यांची एकसदस्य चौकशी समिती नेमली. आपल्याकडे सगळी चर्चा रंगली ती एकाच प्रश्नावर: लाच दिली का?

आम्हाला त्यात जास्त लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. ही माहिती कोणी छापा घालून मिळवली नव्हती. कंपनीनेच ती लिहून दिली होती. अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे, कोणत्या विषयावर कोणाकडे शब्द टाकला आणि त्यावर किती खर्च झाला, हे दर तीन महिन्यांनी नोंदवावं लागतं, आणि ती नोंद कोणालाही वाचता येते. मराठीत ‘लॉबिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालचा हात येतो. तिथे तो एक नोंदणीकृत व्यवसाय आहे. सरकारपुढे आपलं गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतच दिलेला आहे, आणि दुसऱ्याच्या वतीने पैसे घेऊन ते गाऱ्हाणं मांडणं हाही त्याच हक्काचा भाग मानला जातो. हे आवडो न आवडो, पुढचं सगळं समजायला ही गोष्ट डोक्यात ठेवावी लागेल.

आता मूळ प्रश्न. सरकारला सल्ला देणाऱ्या समितीवर लॉबीस्ट बसवावा का? पटकन उत्तर द्यायचं तर आपण सगळेच ‘नाही’ म्हणू. २०१० साली बराक ओबामांनीही तेच म्हटलं. आणि मग पुढची चार वर्षं त्या साध्या ‘नाही’चं काय काय झालं, ते आज बघायचं आहे.

आधी या समित्या म्हणजे काय ते. अमेरिकेच्या केंद्र सरकारला बाहेरच्या लोकांचा सल्ला देणाऱ्या समित्या २०१० च्या दशकात सुमारे एक हजार होत्या, आणि त्यांवर साठ हजारांच्या आसपास माणसं. औषध बाजारात येऊ द्यावं का, हवेत सूक्ष्म कण किती चालतील, व्यापार करारात काय मागावं, अशा प्रश्नांवर या समित्या मत देतात. निर्णय त्या घेत नाहीत, निर्णय खातंच घेतं. पण ज्याने कधी सरकारी फाइल जवळून पाहिली आहे त्याला ठाऊक असतं, की ‘समितीचा अभिप्राय जोडला आहे’ या एका ओळीला केवढं वजन असतं.

या समित्यांना शिस्त लावणारा कायदा १९७२ चा आहे, निक्सन यांच्या सहीचा. तो आला त्यामागे बरंच साचलेलं होतं. साठच्या दशकातलं एक प्रकरण तर नमुनेदार आहे. कारखाने नद्यांत कोणती घाण सोडतात, किती सोडतात, याची देशभर मोजदाद करावी असं घाटत होतं. पण सरकारने कोणालाही प्रश्नावली पाठवायची तर अर्थसंकल्प कार्यालयाची मंजुरी लागे, आणि त्या कार्यालयाला सल्ला द्यायला उद्योगांचंच एक मंडळ बसलेलं होतं. ती प्रश्नावली वर्षानुवर्षं अडकून पडली. म्हणजे ज्यांच्या सांडपाण्याची मोजणी व्हायची, त्यांनाच विचारायचं: मोजू का? कुंपणानेच शेत खावं तसा प्रकार.

म्हणून १९७२ च्या कायद्याने काही गोष्टी बांधून दिल्या. प्रत्येक समितीची लेखी सनद हवी, आणि दर दोन वर्षांनी तिचं नूतनीकरण हवं, नाहीतर समिती आपोआप संपते. बैठकीची सूचना सरकारी राजपत्रात आधी छापायची. बैठक लोकांना खुली. इतिवृत्त ठेवायचं. सरकारी अधिकारी हजर असल्याशिवाय बैठकच भरवायची नाही. आणि सदस्यांमध्ये निरनिराळ्या दृष्टिकोनांचा समतोल राखायचा. लॉबीस्ट हा शब्द या कायद्याच्या सदस्यत्वाच्या अटींत कुठेही नाही. तिथे भर आहे तो उघडपणावर आणि समतोलावर. कोण आत येतो यापेक्षा आत काय बोललं जातं ते सगळ्यांना दिसावं, असा त्या माणसांचा विचार होता, आणि आमच्या मते तो बराच शहाणपणाचा होता.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. बारीक आहे, पण पुढचा सगळा वाद तिच्यावरच फिरतो. समितीत खुर्च्या एकसारख्या दिसल्या तरी त्या दोन जातींच्या असतात. सरकारी अधिकारी सदस्य असतात ते सोडून देऊ. बाहेरून येणाऱ्यांत एक प्रकार ‘प्रतिनिधी’ सदस्यांचा. हा माणूस उघडपणे कोणाच्या तरी वतीने बोलायला येतो: दूध उत्पादकांच्या, पोलाद कंपन्यांच्या, कामगार संघटनेच्या, रुग्णांच्या. त्याने पक्षपाती असावं अशीच अपेक्षा आहे! दूधवाल्यांच्या प्रतिनिधीने तटस्थ राहायचं ठरवलं तर दूधवाल्यांनी त्याला पाठवलं कशाला? दुसरा प्रकार तज्ज्ञाचा. त्याला त्याच्या स्वतःच्या विद्वत्तेसाठी बोलावलेलं असतं, आणि त्याने स्वतःचं निःपक्ष मत द्यायचं असतं. १९६२ च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला ‘विशेष सरकारी कर्मचारी’ धरतात, मग तो मानधन घेवो न घेवो. ३६५ दिवसांत जास्तीत जास्त १३० दिवस काम अशी त्याची कल्पना आहे. पण तेवढ्यापुरता तो सरकारचा माणूस होतो, आणि हितसंबंधांविषयीचे फौजदारी कायदे त्याला लागू होतात. ज्या कंपनीचे शेअर घरात आहेत तिच्या प्रकरणात त्याने सल्ला दिला, आणि त्यासाठी आधी सूट घेतलेली नसली, तर तो गुन्हा होऊ शकतो. प्रतिनिधी सदस्याला हे कायदे लागत नाहीत. त्याला आपली मालमत्ता, आपले शेअर यांचा तसा खुलासाही द्यावा लागत नाही.

मग खात्यांनी काय केलं असेल? अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २००४ साली यावर अहवाल दिला. त्यांना आढळलं, की काही खाती तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या माणसांनाही कागदावर ‘प्रतिनिधी’ दाखवत होती. आता प्रतिनिधी म्हटलं तर कोणाचा? तर म्हणे, अमुक शास्त्राचा! शास्त्राचा प्रतिनिधी ही काय भानगड आहे, हे त्या खात्यांनाच ठाऊक. पण या एका शब्दाने हितसंबंध तपासायची सगळी कटकट वाचत होती.

याची किंमत काय असते ते एका प्रकरणात स्वच्छ दिसलं. व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये मर्क कंपनीने बाजारातून परत घेतलं. ते परत येऊ द्यावं का, आणि त्याच जातीची बेक्स्ट्रा वगैरे औषधं चालू ठेवावीत का, हे ठरवायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००५ मध्ये ३२ जणांची सल्लागार बैठक बोलावली. व्हायॉक्सच्या बाजूने १७ विरुद्ध १५ मतं पडली. बेक्स्ट्राच्या बाजूने १७ विरुद्ध १३. नंतर न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं, की त्या ३२ पैकी दहा जणांचे ही औषधं बनवणाऱ्या कंपन्यांशी अलीकडच्या काळात सल्लागारीचे वगैरे संबंध होते. हे दहा जण वगळून मतं मोजली, तर व्हायॉक्सच्या विरोधात १४ आणि बाजूने ८. बेक्स्ट्राच्या विरोधात १२, बाजूने ८. म्हणजे निकाल उलटा. (बेक्स्ट्रा पुढे दोनच महिन्यांत प्रशासनाच्या सांगण्यावरून बाजारातून गेलंच.)

इथे जरा थांबू. त्या दहा जणांवर कोणी लबाडीचा आरोप करावा असं आम्ही म्हणत नाही. कंपनीकडून मानधन घेतलेला डॉक्टर प्रामाणिकपणेही तसं मत देऊ शकतो. पण आपला आजचा विषय लॉबिंगवरचे निर्बंध आहे, म्हणून विचारतो: ‘नोंदणीकृत लॉबीस्ट समितीवर नको’ असा नियम त्या दिवशी असता, तर या दहापैकी कोण अडलं असतं? लॉबीस्टांच्या नोंदवहीत नाव असणं हा त्यांच्या बाबतीतला प्रश्नच नव्हता. ते डॉक्टर होते, संशोधक होते, तज्ज्ञाच्या खुर्चीत बसले होते. त्याच औषध प्रशासनाच्या समित्यांवर उद्योगाचा एक उघड प्रतिनिधीही असतो, आणि त्याला मतदानाचा हक्क नसतो. म्हणजे ज्याचं नातं पाटीवर लिहिलेलं, त्याला मत नाही. ज्याचं नातं खिशात, त्याला मत आहे.

हे मनात ठेवून ओबामांकडे येऊ. प्रचारातच त्यांनी लॉबीस्टांविरुद्ध आघाडी उघडली होती. अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २००९ ला, त्यांनी अधिकाऱ्यांसाठी नीतिमत्तेची शपथ आणली. सप्टेंबरात व्हाइट हाउसने सांगितलं, की आता सल्लागार समित्यांवरही लॉबीस्ट नकोत. १८ जून २०१० ला त्याचा रीतसर आदेश निघाला: केंद्राकडे नोंद असलेल्या लॉबीस्टाची कोणत्याही समितीवर नेमणूक किंवा फेरनेमणूक करू नये. तज्ज्ञाची खुर्ची असो की प्रतिनिधीची, भेद नाही. ज्यांच्या हाती आधीच पैसा आणि ओळखी आहेत त्यांना आणखी एक आतलं दार कशाला, सामान्य माणसाला जागा मिळू दे, असा त्यामागचा विचार होता. हेतूबद्दल वाद नाही.

वाद आहे तो ‘नोंद असलेला’ या दोन शब्दांबद्दल. नोंद कोणाला करावी लागते? १९९५ चा कायदा सांगतो, की एखाद्या पक्षकारासाठी पैसे घेऊन तुम्ही एकापेक्षा जास्त वेळा सरकारी माणसांशी संपर्क साधला, आणि तीन महिन्यांच्या काळात त्या पक्षकाराच्या कामातला वीस टक्के किंवा अधिक वेळ लॉबिंगमध्ये गेला, तर तुम्ही लॉबीस्ट. आता हिशेब करा. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वीस टक्के म्हणजे एक दिवस. आठवड्याला एक दिवस भरत नसेल, तर नोंद नको. किंवा तुम्ही स्वतः फोन उचललाच नाही, कोणाला कधी भेटायचं, काय बोलायचं एवढंच पक्षकाराला शिकवलंत, तरी नोंद नको.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे टॉम डॅशल. हे सिनेटमधले डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते. २००४ ची निवडणूक हरल्यावर ते वॉशिंग्टनच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये धोरण सल्लागार झाले. आरोग्य क्षेत्रातले पक्षकार, सगळ्या दालनांत ओळख. पण लॉबीस्ट म्हणून त्यांचं नाव नोंदवहीत आलं ते थेट २०१६ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत कायद्याच्या भाषेत ते लॉबीस्ट नव्हतेच! यात त्यांनी कायदा मोडला असं नाही. कायदाच तसा आहे.

उलट बाजूला बघा. पर्यावरण संस्थेचा एखादा कार्यकर्ता, किंवा कामगार संघटनेचा माणूस. त्याचं कामच संसदेच्या पायऱ्या झिजवणं. तो इमानेइतबारे नाव नोंदवतो, तिमाही हिशेब देतो. बंदी आली आणि समितीवरून तो गेला. कंपनीचा उपाध्यक्ष मात्र राहिला, कारण तो वर्षातून दोनदाच वॉशिंग्टनला येतो. आपल्याकडे म्हण आहेच, चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे चोर कोणी नाही हे खरं, पण फास संन्याशाच्याच गळ्यात बसला हेही खरं. आणि लोक शहाणे असतात. नोंद केली की दार बंद होतं, म्हटल्यावर नोंद कशी टाळता येईल हे ते बघू लागतात. २००७ साली अमेरिकेत १४ हजारांहून अधिक नोंदणीकृत लॉबीस्ट होते, २०१३ पर्यंत आकडा १२ हजारांच्या आसपास आला. सगळी घट काही या एका आदेशाने झाली नाही, २००७ मध्ये नियमच कडक झाले होते. पण लॉबिंग कमी झालं असं वॉशिंग्टनमध्ये कोणी मानत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे वाढले, इतकंच.

आता खटला. अमेरिकेत व्यापार करारांसाठी उद्योगांच्या सल्लागार समित्या आहेत, १९७४ च्या व्यापार कायद्याखालच्या. या समित्या वेगळ्याच आहेत. त्यांच्या बऱ्याच बैठका बंद दाराआड होतात, आणि सदस्यांना गोपनीय मसुदे बघायला मिळतात. पॅसिफिक देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या वाटाघाटी चालल्या होत्या तेव्हा जो मसुदा वर्तमानपत्रांना, विद्यापीठांना दिसत नव्हता, तो या सदस्यांना दिसत होता. खुर्ची केवढी मोलाची ते लक्षात आलं असेल. अशा समित्यांवर बसू इच्छिणाऱ्या सहा नोंदणीकृत लॉबीस्टांनी सरकारविरुद्ध दावा लावला. म्हणाले, सरकारपुढे गाऱ्हाणं मांडणं हा आमचा घटनादत्त हक्क. तो वापरला म्हणून तुम्ही आम्हाला समितीबाहेर ठेवता. सरकारचं उत्तर साधं होतं: समितीवर बसायचा हक्क कोणालाच नाही, सल्ला कोणाचा घ्यायचा ते आम्ही ठरवू. २०१२ मध्ये खालच्या कोर्टाने सरकारचं ऐकलं आणि दावा काढून टाकला.

१७ जानेवारी २०१४ ला वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. खटल्याचं नाव ऑटर विरुद्ध प्रिट्झकर, निकालपत्र न्यायाधीश टेटल यांचं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: समितीची जागा हा हक्क नाही, मान्य. पण ती एक मोलाची गोष्ट आहे, आणि सरकार एखादी मोलाची गोष्ट देताना ‘आधी तुझा घटनादत्त हक्क सोड’ अशी अट घालत असेल, तर त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागेल. आणि मग त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. या समित्या उद्योगांचं म्हणणं ऐकायलाच तर काढल्या आहेत. बोइंग आणि जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांचे नोकर तिथे बसलेले चालतात. मग त्याच उद्योगाच्या लॉबीस्टाला बाहेर ठेवून सामान्य अमेरिकन माणसाच्या आवाजाचं रक्षण कसं होतं, ते सरकारने सांगावं. बंदी घटनाबाह्य आहे असं त्यांनी थेट म्हटलं नाही, प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं. पण या प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं. ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारने नियम बदलला. लॉबीस्ट प्रतिनिधीच्या खुर्चीत बसू शकतो. तज्ज्ञाच्या खुर्चीत, म्हणजे स्वतःच्या निःपक्ष मतासाठी, बसू शकत नाही.

त्या वेळी अनेकांनी याला माघार म्हटलं. आम्हाला ती माघार वाटत नाही. चार वर्षं माणसाच्या कपाळावरचा शिक्का बघत होते, आता खुर्ची बघू लागले. उद्योगाचं म्हणणं मांडायला आलेला माणूस लॉबीस्ट असला तर बिघडलं काय? त्याच्यापुढच्या पाटीवर कोणाचं नाव आहे ते दिसतंय. धोका तज्ज्ञाच्या खुर्चीत आहे, कारण तिथे पाटीवर विद्यापीठाचं नाव असतं.

मात्र नव्या नियमाने एक भोक तसंच राहिलं, आणि ते फारसं कोणाला दिसत नाही. लॉबिंगच्या १९९५ च्या कायद्यातच काही अपवाद आहेत. त्यांतला एक असा, की १९७२ च्या कायद्याखालच्या सल्लागार समितीचा सदस्य म्हणून काम करताना सरकारी माणसांशी जे बोलणं होईल, ते लॉबिंगचा संपर्क म्हणून मोजायचं नाही. कारण सरळ आहे: समितीची बैठक खुली असते, इतिवृत्त असतं, मग पुन्हा वेगळा फॉर्म कशाला? ठीक. पण व्यापार समित्यांसारख्या ज्या बैठका बंद असतात त्यांचं काय? आणि समितीच्या पोटातल्या उपसमित्या, कार्यगट? जो गट फक्त मूळ समितीला अहवाल देतो, सरकारला थेट सल्ला देत नाही, त्याला सरकारी नियमांप्रमाणे खुल्या बैठकीची अट सहसा लागत नाही. खरा मसुदा लिहिला जातो तो बहुधा तिथेच. म्हणजे दाराबाहेर उभं राहून बोललं तर नोंद, आत बसून बोललं तर नोंद नाही, आणि आतल्या खोलीत बोललं तर इतिवृत्तही नाही.

आणि सदस्यच न होता आत बसलं तर? २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांच्याकडे ऊर्जा धोरण ठरवायचा एक गट होता. कागदोपत्री सगळे सदस्य सरकारी, त्यामुळे १९७२ चा कायदा लागू नाही. दोन संस्थांनी कोर्टात जाऊन सांगितलं, की ऊर्जा कंपन्यांची माणसं आणि लॉबीस्ट प्रत्यक्षात सदस्यासारखेच बसत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं, आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं: ज्याला मत देण्याचा किंवा नकाराधिकाराचा हक्क आहे, तोच सदस्य. बाकीचे कितीही वेळा आले, कितीही बोलले, तरी पाहुणे. सदस्यांवर कितीही कडक निर्बंध घाला, पाहुण्याला ते लागत नाहीत.

याच हत्याराचा उलटा वापरही झालेला आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख स्कॉट प्रुइट यांनी फर्मान काढलं, की ज्या शास्त्रज्ञांना या संस्थेचं संशोधन अनुदान मिळतं त्यांना तिच्या सल्लागार समित्यांवर बसता येणार नाही. कारण काय, तर हितसंबंध! ऐकायला ओबामांच्या आदेशासारखंच. पण परिणाम असा, की हवेच्या प्रदूषणावर आयुष्यभर काम केलेली विद्यापीठातली माणसं बाहेर, आणि ज्यांच्यावर नियम लागायचे त्या उद्योगांकडून पैसे घेणाऱ्यांवर अशी बंदी नाही. एप्रिल २०२० मध्ये त्याच अपील न्यायालयाने यात सरकारची कानउघाडणी केली: इतकी वर्षं अनुदान चालत होतं, आता का चालत नाही याचं कारणच दिलेलं नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टाने तर त्याआधीच, फेब्रुवारीत, त्या नियमाविरुद्ध निकाल दिला होता. ‘हितसंबंध’ हा शब्द कोणाच्या हातात आहे त्यावर तो कोणाला लागेल ते ठरतं, हे त्या तीन वर्षांत शास्त्रज्ञांना चांगलंच कळलं.

वेळ होत आला आहे, पण एक प्रश्न लेखी आला आहे, तो घेतो. विचारलंय: समितीवर बसलेल्या माणसाने मग आपल्या खासदाराला भेटायचंच नाही का?

भेटायचं की. समजा विस्कॉन्सिनचा एक दूध उत्पादक शेती खात्याच्या समितीवर प्रतिनिधी आहे. बैठकीसाठी वॉशिंग्टनला आला. विमानाचं तिकीट आणि हॉटेल सरकारी खर्चाने. दुपारी बैठक संपल्यावर आपल्या सिनेटरच्या कार्यालयात जाऊन ‘दुधाच्या विधेयकाला मत द्या’ म्हणावंसं वाटलं. इथे त्याने थांबावं. सरकारी पैशाने संसदेवर दबाव आणायचा नाही, हा कायदा अमेरिकेत १९१९ पासून आहे, आणि खाती सदस्यांना बजावतात की समितीच्या कामावर असताना, समितीच्या नावाने लॉबिंग नको. दुसऱ्या दिवशी मुक्काम वाढवून, स्वतःच्या खर्चाने, दूध उत्पादक म्हणून तो खुशाल जाऊ शकतो. त्याचा हक्क तो आहेच.

शेजारी बसलेल्या तज्ज्ञ सदस्याचं जरा कठीण आहे. नागरिक म्हणून स्वतःचं मत तोही सांगू शकतो. पण समितीत ज्या विशिष्ट कंपनीच्या प्रकरणावर त्याने काम केलं, त्याच प्रकरणात तो नंतर त्या कंपनीचा वकील किंवा सल्लागार बनून सरकारी खात्यापुढे उभा राहू शकत नाही. आणि ३६५ दिवसांत ६० दिवसांपेक्षा जास्त काम झालं असेल, तर त्या खात्यापुढे चालू असलेल्या अशा कुठल्याही प्रकरणात नाही, मग त्याने समितीत त्याला हात लावलेला असो वा नसो. दोघांनाही खात्याकडून एक सूचना मात्र सारखीच मिळते. खासदाराला पत्र लिहिणार असाल तर घरच्या कागदावर लिहा, टपाल तिकीट आपलं लावा, आणि सहीखाली समितीचं नाव घालू नका.